पान अकराचं शुद्धिपत्र

वहिनी,

तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. गुरुजींनी पिंड ठेवला, आम्ही चार पावलं मागे सरलो, तोवर तो झाडावरून उतरून घास घेऊन गेलासुद्धा. गोदाकाठी जमलेल्या सगळ्यांना हायसं वाटलं. विलास म्हणाला, "आईनं कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही. आजही नाही ठेवलं." बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

मी मात्र मागे उभा राहून कावळा अडण्याची वाट पाहत होतो. तो अडला की घरचे एकेक करून पुढे होतात, नातीचं लग्न नीट करू म्हणतात, लेकीबाळींचं माहेर तुटू देणार नाही म्हणतात. तसाच मीही पुढे होणार होतो आणि सगळ्यांदेखत म्हणणार होतो, "वहिनी, पान अकरा दुरुस्त करतो." घरून निघताना वाक्य पाठ केलं होतं. तुम्ही ती वेळच येऊ दिली नाहीत. तुमची ही सवय जुनीच. मी अडचणीत आलो की तुम्ही आपणहून बाजूला व्हायचात.

म्हणून आता लिहितो आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. तरी अक्षर अजून मास्तरचंच आहे.

पान अकरा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पण हे घरातली पोरंही वाचणार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा आम्ही मळ्यात कार्यक्रम केला आणि एक गौरव पुस्तिका छापली. सगळा मजकूर मी लिहिला. घरात शिकलेला मी, शाळेत मराठी शिकवलेलं, त्यामुळे दुसऱ्या कुणी लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. त्या पुस्तिकेच्या अकराव्या पानावर दुसरा परिच्छेद असा आहे:

"निफाडची काळी जमीन सोडून दादांनी स्वखुशीने माळ पत्करला. एकट्याच्या हिमतीवर त्यांनी नऊ एकर माळ फोडला. पाण्याचा उतार अचूक ओळखून त्यांनी बांधाला दिलेले वळण आजही पाहण्यासारखे आहे. या कार्यात त्यांना सौ. अनुसयाबाईंची मोलाची साथ लाभली."

चार वाक्यं. चारही खोटी.

कार्यक्रम संपल्यावर मांडव उतरवत होते. तुम्ही कडुनिंबाखाली खुर्ची घेऊन बसला होतात. चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत पुस्तिका वाचत होतात. शाळा चौथीपर्यंतचीच, पण वाचताना एक काना सोडायचा नाहीत. मला हाक मारलीत.

"भाऊजी, इकडं या जरा. ह्ये साथ म्हंजी काय?"

"साथ म्हणजे सोबत, वहिनी. मदत."

"आसं व्हय. मला वाटलं पटकीची साथ." तुम्ही पुन्हा ओळीवर बोट ठेवलंत. "साथ येती न् मान्सं घेऊन जाती. मी तर कुठं आले न् कुठं गेले? मी व्हते तिथंच व्हते."

मी हसलो. मला ते हसण्यावारी न्यायचं होतं. तुम्ही हसला नाहीत.

"आन् ह्ये वळण पाण्यासाठी? पाणी तर वरल्या अंगानं उतरतं. तुमाला तर ठावं हाय की."

"वहिनी, पुस्तकात थोडं असं लिहावं लागतं."

"कुणाला लागतं?"

तुम्ही चष्मा काढून पदराला पुसलात. "बरं हाय, लिवा. तुमचं अक्षर लय चांगलं हाय," म्हणालात, आणि पाहुण्यांना चहा मिळाला का ते बघायला उठून गेलात.

आपला वाद तिथे सुरू झाला आणि तो तसाच राहिला.

आता खरं काय ते लिहितो. सुरुवात माझ्यापासूनच करावी लागेल, कारण माळ आपल्या घरात आणला तो मी.

वडील गेल्यावर काकांनी वाटणी मांडली. नदीकडची तीन एकर काळी जमीन, नाहीतर चांदवडच्या अंगाची नऊ एकर. काका म्हणाले, तुम्हीच निवडा. दादांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तू सांग." मी नुकताच नोकरीला लागलो होतो, मास्तर म्हटलं की छाती फुगायची. मी कागद पुढे ओढला, आकडे पाहिले. तीन आणि नऊ. तिप्पट. "दादा, नऊ घ्या," म्हणालो. तुम्ही दाराशी उभ्या होतात, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. बैठकीत बोलायची तुमची रीत नव्हती तरी बोललात.

"एकडाव जाऊन माती बघून या की."

"कागदावर सगळं आहे, वहिनी," असं मी म्हणालो होतो. हे शब्द माझेच आहेत, आणि पन्नासहून जास्त वर्षं ते माझ्या कानात आहेत.

आठ दिवसांनी आपण तिघं माळावर गेलो. चपलेखाली माती लागेना. जिकडे पाहावं तिकडे दगड, मध्येच कुसळी गवत आणि एक बाभूळ. दादा एका धोंड्यावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. तुम्ही पायाच्या बोटानं एक दगड उलटवलात. खाली ओलसर काळपट माती होती, मूठभर. तुम्ही ती चिमटीत घेऊन चोळलीत आणि मला म्हणालात, "कागदावर दगड दिसत नाय, न्हाई का भाऊजी?" त्यात राग नव्हता. शिकवणी होती. मीच ती घेतली नाही.

पहिल्या वर्षी पेरलेलं उगवलंच नाही. दादा गप्प गप्प झाले. माझ्या मनाला ते खात होतं, म्हणून मी खटपट करून त्यांना देवळाली कॅम्पला बाजारातल्या एका बेकरीत कामाला लावलं. तिथे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते. दादांना बसमध्ये बसवून दिलं आणि माळावर येऊन तुम्हाला म्हणालो, "तुम्हीही आईला आणि बाळाला घेऊन कॅम्पला जा. दगडात काय पिकतं, वहिनी?"

तुम्ही चुलीवरची भाकरी उलटलीत. "जमीन आपल्या नावावर केली कुनी?"

"मी."

"मंग आता ती सोडून द्या आसं सांगनारे बी तुमीच व्हय?"

तुम्ही गेला नाहीत. दादा दोन वर्षं कॅम्पला राहिले. त्या दोन वर्षांत माळावर आले ते दोन वेळा, नानकटाईचा पुडा घेऊन. एक रात्र राहून परत गेले. त्यांना तुमच्या तळहातांकडे बघवत नसे. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. वाटणीत हरलेला माणूस होता तो, आणि त्याला हरवणारा मी होतो.

दादा गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागल्यावर मी सायकलवर माळावर आलो. ते चित्र मी पान अकरावर लिहायला हवं होतं. बाभळीला झोळी बांधलेली, त्यात विलास. शेजारी आमची आई, डोळ्यांनी अधू, हातानं झोळीची दोरी ओढत बसलेली. आणि पलीकडे तुम्ही. डोक्याला फडकं, हातात पहार. दगड उकरायचा, पाटीत भरायचा, बांधावर नेऊन रचायचा, परत यायचं. पावसाचं पाणी माती वाहून नेतं म्हणून खालच्या अंगाला बांध घालायला घेतला होतात. निम्माशिम्मा माळ उघडा झाला होता. खाली काळपट माती दिसत होती. मला विश्वास बसेना.

मी सायकल टाकून तुमच्याकडे यायला निघालो, तर तुम्ही ओरडलात.

"थांबा! तिथं पाय ठिवू नका. बाळंतीन हाय."

मी जागच्या जागी थबकलो. कुणीच दिसत नव्हतं. तुम्ही बोट दाखवलंत तेव्हा दिसलं. दगडांच्या मधे चार अंडी, दगडासारखीच करडी, ठिपक्याठिपक्यांची. भोवती तुम्ही चार काटक्या खोचून त्यांना चिंधी बांधली होती. थोड्या अंतरावर टिटवी आमच्या नावानं ओरडत पळत होती.

तुमचा बांध तिथपर्यंत सरळ आला होता. तिथून पुढे तो त्या चार अंड्यांना वळसा घालून गेला होता. एखाद्या माणसानं झोपलेल्याच्या अंगावरून न जाता बाजूनं जावं, तसा.

मी म्हणालो, "वहिनी, थोडं थांबायचं. पिल्लं निघाली की सरळ घालता आला असता."

"पाऊस थांबंल व्हय तवर?" तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात. मग टिटवीकडे बघून हसलात. "तिचा नवरा बी भाईर फिरतो. पर येतो बरं का त्यो. पाळीनं बसतो अंड्यावर. आलं त्याचं टायम, की ही उठती, त्यो बसतो. तुमच्या भावाला सांगा कॅम्पात जाऊन."

मी कॅम्पला गेलो. दादांना दगडाचं सांगितलं, बांधाचं सांगितलं, विलास चालायला लागला हे सांगितलं. टिटवीचं सांगितलं नाही. त्यांना लागेल म्हणून, असं तेव्हा स्वतःला समजावलं.

त्या पावसाळ्यात बांधानं माती धरली. बाजरी गुडघ्याच्या वर आली. ही बातमी मी घेऊन गेलो तेव्हा दादांनी बेकरीतलं पीठ हातावरून झटकलं आणि माझ्याबरोबरच बसमध्ये बसले. शेतात पाऊल ठेवल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर, "हा बांध मधेच वाकडा कसा?"

तुम्ही म्हणालात, "वाकडाच ठिवलाय. तुमी आलात की सरळ करा."

दादांनी तो कधीच सरळ केला नाही. पुढची चाळीस वर्षं त्यांनी त्या शेतात मान मोडून काम केलं. विहीर खणली, बाजरीनंतर कांदा, कांद्यानंतर द्राक्षं आणली. मांडवाचा प्रत्येक खांब त्यांनी हातानं उभा केला. पण त्या वळणाला त्यांनी हात लावला नाही. बांधावर बसायचं झालं तर नेमके तिथेच बसायचे. तुमच्यात त्यावर काही बोलणं झालं असेल तर ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की एकदा शेती खात्याचे कुणी साहेब बाग बघायला आले, वळण पाहून म्हणाले, "वा, उताराचा काय विचार केलाय!" दादा खाली मान घालून उभे राहिले. मी शेजारीच होतो. ते वाक्य मी उचललं आणि पंधरा वर्षांनी पुस्तिकेत घातलं.

दादांची लाज झाकायला मी असं लिहिलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. दादा दोन वर्षं शेतावर नव्हते असं लिहिलं असतं, तर त्यांना कुणी पाठवलं तेही लिहावं लागलं असतं. का पाठवलं, ते लिहावं लागलं असतं. आणि माती न बघता नऊ एकरांवर बोट कुणी ठेवलं, तेही. तुमचं नाव खोडलं ते माझं नाव झाकण्यासाठी.

तुम्ही ही गोष्ट कधी चारचौघांत काढली नाहीत. पण मला सोडलंही नाहीत. त्या कार्यक्रमानंतर दर दिवाळीला मी आलो की दारातच विचारायचात, "काय भाऊजी, साथ आटोक्यात हाय ना?" पोरांना वाटायचं, म्हातारीची काहीतरी गंमत आहे. मग कोरोना आला. सगळे घरात कोंडलेले. तुमचा फोन आला. मला वाटलं तब्येतीची चौकशी. तुम्ही म्हणालात, "भाऊजी, आता तर खरीच साथ आली. आता तरी त्यो शब्द काढा." दोघंही हसलो. दादा जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. हसता हसता तुमचा आवाज बदलला. "त्यांनी मला साथ दिली, भाऊजी. लय दिली. पर तिसऱ्या वर्षापासनं. तेवढंच लिवा. त्यांचं काय कमी नाय व्हनार." मी "लिहितो" म्हणालो. फोन ठेवला. लिहिलं नाही.

गेल्या महिन्यात तुम्हाला भेटायला आलो ती शेवटची भेट. तुम्ही खाटेवर, डोळे मिटलेले. मी उशाशी बसलो. बऱ्याच वेळानं डोळे उघडलेत, माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलंत.

"मास्तर, पेन हाय का खिशाला?"

"आहे, वहिनी."

"मंग?"

मी म्हणालो, "तुम्ही आधी बऱ्या व्हा." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. तुम्ही माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द तेवढाच. मंग?

त्याचं उत्तर द्यायला मला तुमचा तेरावा उलटेपर्यंत वेळ लागला. तेही मी आपणहून दिलं नाही, द्यायची पाळी आली.

तेराव्याची पंगत उठल्यावर विलास म्हणाला, "नाना, सोमवारी जेसीबी येतोय. जुनी बाग काढलीच आहे, नवी लावायच्या आत तो बांध सरळ करून घेतो. वळणामुळे दोन ओळी बसत नाहीत."

"वळण कशाला काढतोस?"

"आता कशाला लागतंय ते?" विलास म्हणाला. "आमच्या आबांनी पाण्यासाठी घातलं होतं, तुम्हीच लिहिलंय ना पुस्तकात. आता सगळं ठिबकवर आहे. उताराचा प्रश्नच राहिला नाही."

बघा वहिनी, माझं वाक्य कसं कामाला आलं. विलासचं काही चुकत नव्हतं. मी दिलेलं कारण संपलं होतं, म्हणून बांध काढायचा होता. खरं कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हाही मी लगेच बोललो नाही. हे लपवत नाही. घरी आलो, दोन दिवस गेले. सोमवारी सकाळी पहिली बस पकडून मळ्यात पोचलो तेव्हा जेसीबी बांधाशी लागला होता आणि ड्रायव्हर चहा पीत होता. विलास फीत घेऊन माप घेत होता.

"विलास, ते वळण पाण्यासाठी नाही."

"मग?"

तुमचाच शब्द. तुमच्याच आवाजात, फक्त शुद्ध करून.

"टिटवीसाठी आहे," मी म्हणालो. "इथे तिची अंडी होती. तुझ्या आईनं त्यांना वळसा घातला."

त्यानं फीत गुंडाळली. त्याला वाटलं असावं, म्हातारा दुःखानं बरळतोय. "आईनं? बांध तर आबांनी घातला."

"आबा तेव्हा देवळालीला होते. बेकरीत. दोन वर्षं. मी पाठवलं होतं. हा सगळा माळ तुझ्या आईनं एकटीनं फोडला. तू तिथं होतास, त्या बाभळीच्या झोळीत."

बाभूळ कधीच गेली. तरी विलासनं त्या बाजूला पाहिलं. मग म्हणाला, "आणि पुस्तकात?"

"पुस्तकात मी खोटं लिहिलं."

"आईला माहीत होतं?"

"छापून आलं त्याच दिवशी तिनं चूक दाखवली होती. मी दुरुस्त केली नाही."

छप्पन्न वर्षांचा तो माणूस, नातवंडांचा आजोबा, माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. "दहा वर्षं मी ते पान येईल त्याला वाचून दाखवतोय, नाना," एवढंच म्हणाला. "आई शेजारी बसून ऐकायची." आणि त्याच वळणावर जाऊन बसला, दादा बसायचे तिथे. मी उभाच राहिलो. शेजारी बस म्हणायला तो विसरला, की मुद्दाम म्हणाला नाही, ते मला कळलं नाही. दोन्ही चाललं असतं.

ड्रायव्हर कप ठेवून आला. "शेठ, सुरू करायचं का?"

विलासनं नाक पुसलं. "नको. दोन ओळी कमी लावू."

"आन् ह्ये वाकडंच ठेवायचं?"

"वाकडंच आहे ते."

जेसीबी परत गेला. विलास मला बसपर्यंत सोडायला आला. बस आल्यावर म्हणाला, "नाना, पुस्तिकेच्या शंभरेक प्रती अजून कपाटात आहेत. तुम्ही काय ते नीट लिहून द्या. मी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवतो."

वहिनी, शाळेत असताना पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं. मी मुलांना सांगायचो, पुस्तक उघडलं की आधी हे पान काढा, चुका दुरुस्त करा, मग वाचायला लागा. स्वतःच्या पुस्तकाचं शुद्धिपत्र लिहायला मला दहा वर्षं लागली, आणि ते वाचायला तुम्ही नाही. तुमचं बोट त्या ओळीखालून फिरताना पाहायचं होतं. एखादा काना चुकला असता तर तुम्ही पकडला असतात.

विलासला दिलेला मजकूर खाली उतरवतो.

पान अकरा, दुसरा परिच्छेद. चारही वाक्यं रद्द. त्याऐवजी असं वाचावं:

"माती न पाहता हा माळ घराण्याच्या पदरात टाकला तो या पुस्तिकेच्या लेखकाने. अनुसयाबाईंनी एकटीच्या हिमतीवर नऊ एकर माळ फोडला. बांधाला वळण आहे, कारण तिथे टिटवीची अंडी होती. या कार्यात अनुसयाबाईंना तिसऱ्या वर्षापासून त्यांच्या पतीची मोलाची साथ लाभली."